ठाणे-नवी मुंबईत पहिली ग्रुप राइड: वेग कसा धरायचा, रांग कशी सांभाळायची

सायकलच्या ग्रुप राइडला पहिल्यांदा येणारे बहुतेक जण आधी एकच गोष्ट विचारतात: "तुमचा स्पीड किती असतो? मला झेपेल ना?" प्रश्न रास्त आहे, पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. ताशी २४ किलोमीटरने जाणारा एक ग्रुप नवख्यालाही आरामात झेपतो आणि त्याच वेगाचा दुसरा ग्रुप त्याच माणसाचा दम काढतो. पुढचा माणूस सायकल कशी चालवतो, त्यावर हे ठरतं. त्याने वेग सारखा वर-खाली केला की त्याचा सगळा भुर्दंड रांगेत शेवटी असलेल्याला बसतो. आणि नवीन माणूस बहुतेक वेळा शेवटीच असतो.

मी ठाण्याहून पाम बीच, उरण, कर्नाळ्याकडे जाणाऱ्या ग्रुपमध्ये चालवतो, कधी पुढे, कधी अगदी मागे. नवीन आलेल्यांना दर वेळी ज्या गोष्टी तोंडी सांगाव्या लागतात, त्या इथे क्रमाने लिहितोय.

१. राइड निवडण्याआधी हे विचारा

सरासरी वेग कोणता धरलाय, ते विचारा. ४० किलोमीटरची राइड २० मिनिटांच्या चहासकट दोन तासांत संपली, तर थांबे धरून सरासरी २० येते, पण चाकं फिरत असतानाची सरासरी २४ असते. नवख्यासाठी हा फरक मोठा आहे. ग्रुपवाले बोलताना बहुधा दुसरा आकडा सांगतात.

दुसरं, कोणी मागे पडलं तर काय करता? "थांबतो" असं उत्तर आलं तर पुढे विचारा, कुठे थांबता? ठरलेली ठिकाणं असतील, म्हणजे ऐरोली नाका, वाशीला अरेंजा कॉर्नर, बेलापूरला किल्ला जंक्शन अशी, तर ग्रुप व्यवस्थित आहे. सगळ्यात मागे राहणारा एक अनुभवी माणूस, ज्याला आम्ही स्वीप म्हणतो, ठरलेला असेल तर आणखी चांगलं. यापैकी काहीच नसेल, तर पहिली राइड त्या ग्रुपबरोबर करू नका.

पहिल्या राइडला पाम बीच मार्ग उत्तम. वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, सपाट, रुंद, मध्ये दुभाजक. ठाण्याहून निघालात तर कळवा, विटावा, ऐरोली असं ठाणे-बेलापूर रोडने वाशी गाठायचं. घोडबंदर रोडने गायमुखचा घाट उतरून फाउंटनपर्यंत जाणं पहिल्या महिन्यात तरी टाळा. तिथे अवजड वाहनं, खड्डे आणि उतार हे तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात. येऊरचा चढ छोटा असला तरी तिथे रांग टिकत नाही, त्यामुळे ग्रुपमध्ये चालवायची सवय व्हायला तो उपयोगाचा नाही. शिवाय ते जंगल आहे, बिबट्यांचा वावर आहे. वनखात्याच्या गेटच्या वेळा पाळायच्या आणि अंधारात आत शिरायचं नाही.

अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, या दोन्हींवर सायकलला बंदी आहे. "पहाटे कोण बघतंय" असं म्हणणारा ग्रुप असेल तर त्यापासून लांब राहा.

२. आदल्या रात्री काय काढून ठेवायचं

सायकलबरोबर:
- आपल्याच टायरच्या मापाची एक जादा ट्यूब. व्हॉल्व कोणता आहे ते बघून घ्या. बारीक व्हॉल्वच्या म्हणजे प्रेस्टाच्या रिमला जाड श्रेडर व्हॉल्वची ट्यूब बसत नाही, भोकच लहान असतं. जादा ट्यूब बॅगेत असूनही लोक याच कारणाने अडकतात.
- टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा हातपंप, मल्टिटूल.
- पुढे पांढरा दिवा, मागे लाल. दोन्ही चार्ज केलेले.

अंगावर आणि खिशात:
- हेल्मेट. हेल्मेट नसेल तर राइड नाही, यात चर्चेला जागा नाही.
- उठून दिसणारा टीशर्ट किंवा रिफ्लेक्टर जॅकेट.
- ओळखपत्राची प्रत, आणि एका चिठ्ठीवर रक्तगट व घरच्या माणसाचा नंबर. फोनला लॉक असतो, चिठ्ठीला नसतो.
- थोडी रोख. यूपीआय सगळीकडे चालतं, पण भिजलेला किंवा बंद पडलेला फोन चालत नाही.
- पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातल्या एकीत ओआरएस. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी सहज लागतं.
- चिक्की, खजूर किंवा केळी.

निघायच्या आधी टायरमधली हवा तपासा. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि चाकं सायकलला पकडून ठेवणारे लिव्हर घट्ट आहेत ना ते पाहा. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास होतो. म्हणजे साडेपाचला निघणाऱ्या ग्रुपला बारा महिने दिवे लागतातच. मागचा दिवा मात्र ग्रुपमध्ये मंद आणि स्थिर ठेवा. पूर्ण झोतात लुकलुकणारा दिवा फक्त स्वीपचा हवा. बाकीच्यांचा लुकलुकता दिवा मागच्या माणसाच्या डोळ्यांवर तासभर येत राहतो आणि त्याला समोरचा खड्डा दिसत नाही.

३. किती अंतर ठेवायचं

समोरच्याच्या मागे राहिलं की वारा तो अंगावर घेतो आणि आपली ताकद वाचते. नीट जवळ राहिलात तर एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. त्यासाठी अनुभवी लोक पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चालवतात. त्यांचं बघून तुम्ही तसं करू नका.

ताशी २५ च्या वेगात सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. धोका दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. सायकलची लांबी असते पावणेदोन मीटरच्या आसपास. नवीन माणसाने निदान एका सायकलीइतकं अंतर ठेवावं, पावसात त्याच्या दुप्पट. तेवढ्या अंतरावरही वाऱ्याचा थोडा आडोसा मिळतो.

यातला सर्वात घातक प्रकार मागचं-पुढचं चाक शेजारी येण्याचा आहे. समजा तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या उजवीकडे चार बोटं पुढे सरकलंय. तो एक खड्डा चुकवायला उजवीकडे वळला. त्याचं टायर तुमच्या टायरला घासतं, "झर्र" असा आवाज येतो आणि तुमचं हँडल तुमच्या हातात राहत नाही. त्याला जेमतेम धक्का जाणवतो, तो पुढे निघून जातो. पडता तुम्ही, आणि तुमच्या मागचे दोघं. म्हणून समोरच्याच्या चाकामागे चाक ठेवा. फार जवळ आलात तर त्याच्या बाजूला शिरू नका, पायडल मारणं सैल करा आणि जरा ताठ बसा. अंगाला वारा लागला की सायकल आपोआप मंदावते, ब्रेकची गरज पडत नाही.

नजर समोरच्या टायरवर खिळवून ठेवू नका. त्याच्या खांद्यावरून पुढच्या दोघा-तिघांकडे बघा. तिथे काय चाललंय ते अर्ध्या सेकंदाने तुमच्यापर्यंत येणारच असतं.

४. वेग एकसारखा कसा ठेवायचा

पाम बीचवर आठ जणांचा ग्रुप सिग्नलला उभा आहे. सिग्नल सुटतो. पुढचा लगेच निघतो, त्याच्या मागचा सेकंदाने, त्याच्या मागचा आणखी सेकंदाने. आठवा माणूस निघेपर्यंत सात सेकंद गेलेले असतात. पुढच्याने तेवढ्यात जोरात पायडल मारून २५ चा वेग गाठला, तर शेवटच्यात आणि बाकीच्यांत तीस-चाळीस मीटरची फट पडते. ती भरून काढायला त्याला जवळजवळ अर्धा मिनिट ताशी ३० ने, समोर कोणाचाही आडोसा नसताना चालवावं लागतं. वाऱ्याशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ वरून ३० वर जायचं तर ती सुमारे १.७ पट होते. तो कसाबसा रांगेला मिळतो, तोवर पुढचा सिग्नल येतो. पुन्हा थांबा, पुन्हा तेच. अशा पाच-सहा सिग्नलांनंतर तो मागे पडतो आणि सगळे म्हणतात, "स्टॅमिना कमी आहे त्याचा." स्टॅमिना ठीकच असतो, पुढच्याने त्याला प्रत्येक सिग्नलला शर्यत लावायला भाग पाडलेलं असतं.

म्हणून आमच्याकडे नियम असा आहे: सिग्नल, वळण, स्पीडब्रेकर किंवा खराब रस्ता पार केल्यावर पुढच्याने पंधरा-अठराच्या वर जायचं नाही. मागून स्वीप "ऑल इन" म्हणजे "सगळे आले" असं ओरडला की मग हळूहळू वेग वाढवायचा. यात फार तर मिनिटभर जातं आणि पूर्ण राइडमध्ये ग्रुप फुटत नाही.

वेग धरण्याबाबत आणखी काही गोष्टी:

बोलून बघा. तुम्ही पूर्ण वाक्य बोलू शकत असाल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पहिल्या दहा किलोमीटरमध्येच पुढच्याला सांगा. "वेग थोडा कमी करा" म्हणण्यात कमीपणा कसला? पन्नासाव्या किलोमीटरला पायात गोळा आल्यावर सांगण्यापेक्षा ते सगळ्यांच्या सोयीचं असतं.

हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवा, मिनिटाला ८० ते ९० फेरे. जड गिअर ओढणाऱ्याला वेग पटकन कमी-जास्त करता येत नाही आणि गुडघे दुखतात ते वेगळंच.

शेजारच्याच्या अर्धं चाक पुढे राहायची काहींना सवय असते. तो बरोबरीला आला की हे पुन्हा थोडे पुढे. कोणी ठरवत नाही, पण दहा मिनिटांत ग्रुपचा वेग २४ वरून २८ वर गेलेला असतो. दोघं शेजारी चालवत असाल तर हँडलला हँडल लावून चालवा. आणि दोघं शेजारी फक्त रिकाम्या, रुंद रस्त्यावर. मागून गाडी आली की एकेरी रांग.

उतारावर पुढच्याने पायडल मारणं थांबवू नये. मागच्यांना आडोसा असल्यामुळे ते वेगाने अंगावर येतात आणि सगळ्यांना ब्रेक लावावे लागतात.

पुढे २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायचा विचार असेल, तर तिची मुदत १३ तास ३० मिनिटं असते. थांबे धरून ताशी १५ चा वेगसुद्धा पुरतो. ती पूर्ण करायला जोरात पळणं लागत नाही, एका चालीने चालवत राहणं आणि थांबे आटोपशीर ठेवणं लागतं.

५. हात आणि आवाज

मागच्याला तुमच्यापलीकडचा रस्ता दिसत नाही. त्याच्या वतीने तुम्ही बघताय.

- खड्डा, गटाराचं झाकण, काच: ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या हाताने खाली बोट दाखवा आणि "खड्डा!" म्हणा.
- डावीकडे उभी रिक्षा किंवा गाडी: डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे सरकायची खूण करा.
- थांबताना: हात वर, पंजा उघडा, आणि "थांबतोय!"
- वेग कमी करताना: हात खाली, पंजा जमिनीकडे, वर-खाली.
- मागून गाडी येत असेल तर शेवटचा ओरडतो, "मागून गाडी!" प्रत्येकाने ते पुढे पोचवायचं.

हात सोडणं जमत नसेल, किंवा रस्ता खराब असेल, तर दोन्ही हात हँडलवर ठेवून फक्त ओरडा. खूण करायच्या नादात खड्ड्यात जाणं कोणालाच नको आहे. आणि प्रत्येक बारीक खड्डा दाखवू नका. घोडबंदरला तसं केलं तर हात हँडलवर येणारच नाही. चाक अडकेल किंवा माणूस पडेल असाच खड्डा दाखवायचा.

इअरफोन दोन्ही कानांतून बाहेर. थुंकायचं किंवा नाक शिंकरायचं असेल तर रांगेच्या शेवटी जा. पावसाळ्यात मागच्या चाकाला मडगार्ड लावा, नाहीतर रस्त्याचं पाणी मागच्याच्या तोंडावर उडतं.

६. आपल्या रस्त्यांवर कुठे लक्ष ठेवायचं

रिक्षा. डावीकडे उभ्या रिक्षाचं पुढचं चाक बघा. ते उजवीकडे वळलेलं असेल तर ती कुठल्याही क्षणी बाहेर येणार, इंडिकेटरची वाट बघू नका. उभ्या कारमध्ये माणूस दिसला की दार उघडेल असं धरून चाला आणि हातभर जास्त जागा सोडा.

टीएमटी-एनएमएमटीच्या बस आपल्याला ओलांडून लगेच डावीकडे थांब्याला लागतात. बस आणि फुटपाथच्या मध्ये कधीही शिरायचं नाही, तिथे माणसं उतरत असतात. पूर्ण ग्रुपने मागे थांबावं.

उरणकडे जाताना जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराचे कंटेनर ट्रेलर असतात. ट्रेलरच्या डाव्या अंगाला असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही आणि वळताना ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूने येतात. सिग्नलला त्याच्या शेजारी उभं राहू नका. तो वेगाने ओलांडून गेला की आधी हवेचा धक्का लागतो आणि मग सायकल त्याच्याकडे ओढली जाते. मागून ट्रेलर येतोय कळलं की हँडल घट्ट न आवळता सरळ रेषेत राहा.

ठाणे-बेलापूर रोडवर फ्लायओव्हर सुरू होतो तिथे डावीकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याला आडव्या येतात. वरून जायचं की खालून, हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा. आमचा ग्रुप नेहमी खालून जातो. दोन मिनिटं जास्त लागतात, पण अर्धे वर आणि अर्धे खाली असं होत नाही. पुलांवरच्या लोखंडी जोडांवर, मेट्रोच्या कामाजवळच्या पत्र्यांवर आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर ओल्यात चाक सरकतं. त्यावरून जाताना वळू नका आणि ब्रेक लावू नका.

दहापेक्षा जास्त सायकली असतील तर दोन ग्रुप करा, मध्ये शंभरेक मीटर अंतर. लांबलचक रांग ओलांडणाऱ्या गाडीला मध्ये शिरायला जागा उरत नाही आणि मग ती जबरदस्तीने शिरते.

७. चढ आणि उतार

चढावर रांग मोडते, मोडू द्या. ज्याने त्याने आपापल्या दमाने चढावं आणि वर सगळ्यांनी थांबावं. एकच काळजी घ्या: सीटवरून उठून पायडल मारायला लागलं की उठण्याच्या क्षणी सायकल झटकन मागे येते. मागच्याचं चाक जवळ असेल तर थेट धडकतं. उठण्याआधी एक गिअर जड करा, पायडल खाली जात असतानाच उठा, आणि "उठतोय" म्हणा.

वर पोचलेल्यांनी शेवटचा आल्या आल्या निघू नये. पहिल्याची पाच मिनिटं विश्रांती झालेली असते, शेवटच्याची शून्य. त्याने पाणी पिऊन "चला" म्हटल्यावरच निघायचं.

उतारावर अंतर दुप्पट-तिप्पट. दोन्ही ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

८. पंक्चर झालं किंवा कोणी पडलं तर

"पंक्चर!" ओरडा, हात वर करा, आणि ब्रेक न मारता हळूहळू डावीकडे घ्या. पूर्ण ग्रुपने रस्त्याच्या बाहेर यायचं, नुसतं कडेला येऊन भागत नाही. फ्लायओव्हरवर थांबू नका, सायकल हातात धरून खाली न्या. दोघं मदतीला, एक जण मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघत उभा, बाकीचे लांब. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवा. काटा किंवा तार तिथेच असेल तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

कोणी पडलं तर आधी मागची वाहतूक थांबवा किंवा वळवा. लगेच उठवू नका. डोक्याला मार असेल, चक्कर किंवा उलटी होत असेल, बोलण्यात गोंधळ वाटत असेल, तर ११२ ला फोन करा आणि त्या माणसाला पुन्हा सायकलवर बसू देऊ नका, तो कितीही "ठीक आहे" म्हणाला तरी. आपटलेलं हेल्मेट बदलायचंच, वरून तडा दिसला नाही तरी.

९. चहा-पोह्यांचा थांबा

वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की पाय आखडतात. सायकली दुकानाच्या दारात उभ्या करू नका, एका बाजूला एकमेकींना टेकवून लावा. वडापाव दोन खाऊ नका, एक पुरे, उरलेली भूक केळ्यावर भागवा. पैसे तिथेच वाटून घ्या. मध्येच घरी जायचं असेल तर स्वीपला सांगून जा. न सांगता गेलेल्या माणसाला शोधायला अख्खा ग्रुप मागे वळतो.

१०. पहिल्यांदा पुढे चालवताना

तीन-चार राइड झाल्या की तुम्हाला पुढे जायला सांगतील. नाही म्हणू नका. पुढे राहिल्याशिवाय मागच्यांचं काय होतं ते समजत नाही. चालत्या रांगेत पुढचा माणूस बदलणं आपल्याकडच्या वाहतुकीत नवख्यांसाठी सुरक्षित नाही, म्हणून बदल सिग्नलला किंवा थांब्यावर करा.

पुढे आल्यावर ताजेतवाने पाय आपोआप जोर लावतात. आधीच्या माणसाचा वेग किती होता ते मीटरवर बघून ठेवा आणि पहिला किलोमीटर तोच धरा. खाडीकडून समोरचा वारा असेल तर मीटर बघू नका. आकडा २४ वरून २० वर येऊ द्या, पायावरचा जोर मात्र तेवढाच ठेवा. पिवळा दिवा दिसला की थांबा. तुम्ही निसटाल, मागचे चौघं अडकतील किंवा लाल दिव्यात घुसतील. दर दोन-तीन मिनिटांनी मागे वळून बघा, आणि शेवटचा दिसत नसेल तर कोणी सांगायची वाट न बघता वेग कमी करा. दोन-तीन किलोमीटर झाले की पुढच्या सिग्नलला बाजूला व्हा, सगळे पुढे जाऊ द्या आणि स्वीपच्या पुढे जाऊन लागा. तिथून उरलेला रस्ता चालवताना स्वीपला विचारा, मी पुढे असताना मागे कसं वाटत होतं.